देवकी, ह्या काप

डिचोलीच्या बाजारात मासळीच्या ओळीमागून एक अरुंद जिना वर जातो. जिन्याच्या टोकाला ‘दत्ताराम व्हिडिओ’ अशी पाटी आहे. पाटी दत्तारामची खरी, पण त्या दीड खोलीत वीस वर्षं बसली ती त्याची बायको देवकी. दत्ताराम डिचोलीपासून पेडण्यापर्यंत लग्नं, मुंजी, जत्रा टिपत फिरायचा आणि देवकी इथे संगणकापुढे बसून ते कापायची, जोडायची, त्यावर सनई चढवायची. लोकांना वाटतं, लग्नाचा व्हिडिओ कॅमेऱ्यातून निघतो. कॅमेऱ्यातून काय निघतं ते देवकीला विचारा. नवरीच्या आजीची पाठ, भटजींचं कोपर, कुणाच्या तरी पोराचं वाहतं नाक, आणि या सगळ्यावर दत्तारामचा आवाज.

एरवी दत्ताराम बोलणाऱ्यांतला नव्हता. घरी आला की ताटाशी दोन शब्द, झोपताना एक. त्याची आई म्हणायची, ह्याका बोलतो करूक भुतां काढणारो घाडीच आणूक होयो. पण कॅमेरा खांद्यावर चढला आणि डोळा भिंगाला लागला की गड्याला वाचा फुटायची, आणि बोलायचा कुणाशी, तर तिथे नसलेल्या देवकीशी. हा माल शेवटी तिच्याच कानांवर जाणार, दुसऱ्या कुणाच्या नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘देवकी, ह्या काप, मामी तोंड वाकडा करता.’ ‘देवकी, भटजी मंत्र पळवता, मागसून जोड.’ ‘देवकी, पंगतीतला खतखता बरा झालाहा. तू करतंस तसा नाय, पण बरा.’ ‘तेजूच्या शाळेत उद्या जाऊचा आसा, आठव कर.’ घरची अर्धी कामं अशी लोकांच्या लग्नांतून तिच्यापर्यंत यायची. दोन-तीन दिवसांनी ती ऐकायची, एकटीच हसायची, लेकीच्या शाळेत जायचा दिवस उलटून गेलेला असला तर कपाळावर हात मारायची, आणि मग तेवढं बोलणं कापून त्या जागी सनई घालायची. गिऱ्हाइकाला कॅमेरावाल्याचा आवाज चालत नाही. वीस वर्षं या बाईने आपल्या नवऱ्याचा आवाज लोकांच्या लग्नांतून तांदळातल्या खड्यांसारखा वेचला आणि टाकून दिला. असला संसार कुणाचा ऐकलात का? पण त्यांचा तसा होता आणि बरा चालला होता.

माघात पेडण्याकडे, चोपड्याच्या एका लग्नात दत्ताराम गेला. मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, दोन्हीकडच्या मंडळींचे फोटो झाले, आणि पंगत बसायच्या आधी ट्रायपॉड मिटता मिटता तो खाली बसला तो बसलाच. नवरीकडच्यांनी गाडीत घालून नेला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणला असता तर काही करता आलं असतं. डॉक्टर तरी दुसरं काय म्हणणार?

मग बाजार लोटला सांत्वनाला. आपल्याकडे माणूस गेला की त्याचा शेवटचा दिवस लोक मिनिटामिनिटाने उलगडून बघतात, जणू कुठेतरी चूक सापडली तर तो परत येणार आहे. ‘कोणाकच एक शब्द बोललो नाय गो,’ सगळे म्हणायचे. लाईट धरणारा स्वप्नील शपथेवर सांगायचा की दत्तारामदा सकाळपासून नेहमीसारखा होता, कुठे दुखतंय-खुपतंय एक चकार शब्द नाही. जावा म्हणाल्या, देवकी, रडून घे, आत ठेवू नये. देवकी म्हणाली, येत नाय. उचकी येत नाही म्हणावं तशी म्हणाली. खरंच येत नव्हतं. सकाळी पोदेर भोंगा वाजवत यायचा, ती पाव घ्यायची. दूध उतू जायचं, ती पुसायची. दिवस उजाडायचा आणि मावळायचा, मध्ये तिला काही म्हणता काही वाटायचं नाही. बाजारातल्या बायकांनी तिच्या न रडण्याची चर्चा मासळीच्या भावासारखी रोज केली, तिला तेही कळलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. एकच गोष्ट आत कुठेतरी रुतून होती. इतकी वर्षं ज्याने भटजींच्या पळापळीपासून खतखत्यापर्यंत सगळं तिला सांगितलं, तो जाताना एक शब्द न बोलता गेला. ते दुखत नव्हतं. नुसतं रुतून होतं.

काम मात्र तिने थांबवलं नाही. दत्तारामने आधी टिपून ठेवलेली दोन बारशी आणि एक वास्तुशांत होती, ती तिने आवाज बंद ठेवून, नुसतं चित्र बघून उरकली आणि मूळ माल नेहमीसारखा पुसून टाकला. बारशाला तेवढं चालून जातं, वरून गाणी घातली की झालं. राहिलं एकच काम. तेच चोपड्याचं लग्न.

नवरीचं नाव सेजल. तिची आई विमला मोठी समजूतदार बाई, इतक्या दिवसांत तिने व्हिडिओचा ‘व्हि’ काढला नव्हता. पण वैशाख संपता संपता तिचा फोन आला. ‘देवकीताई, मी विचारलं नसतं गो. अजूनही जीभ रेटत नाही. पण सेजल परवा मस्कतला नवऱ्याकडे जाते. लग्नाच्या दिवशी जे झालं त्याने तिच्या मनातून लग्नच पुसलं गेलंय. जाताना ते हातात असतं तर बरं झालं असतं.’

‘उद्या सकाळी ये,’ देवकी म्हणाली. ‘झालेला असतला.’

म्हणाली खरी, पण ते लग्न तिने उघडलंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्यातून उतरवून संगणकात ठेवलं होतं, तेवढंच. लग्न म्हणजे बारसं नव्हे. मंगलाष्टकं हवीत, सनई-चौघडा हवा, आत्याबाईंचं उखाण्यातलं अडखळणं हवं, वरून गाणी घालून भागत नाही. आणि या सगळ्यात दत्ताराम बोलत असणार. तो आवाज ऐकल्याशिवाय कापायचा कसा? आणि नाही कापला तर सेजलच्या मंगलाष्टकांत गेलेला माणूस बोलणार. कात्री इकडे धरली तरी बोट, तिकडे धरली तरी बोट.

ही अडचण तिच्या मुलीला, तेजस्विनीला, न सांगता कळली होती. तेजू पुण्यात संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कचेरीत नोकरीला. तिने आठवड्याभरापूर्वीच एक खोकं पाठवलं होतं, ते रस्त्यावर उघडणाऱ्या जनेलाखाली तसंच पडलं होतं. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हिडिओच्या संगणकात नांगर ओढणारा बैल म्हणजे हे कार्ड. बाकी सगळं चकाचक असलं आणि हा बैल बसला की शेत पडीक. स्टुडिओतलं जुनं कार्ड दत्तारामने म्हापशाहून आणलेलं, चार जीबीचं, सात-आठ वर्षांचं. नवं बारा जीबीचं, लांबीने दुप्पट, तीन पंख्यांचं.

‘आई, ह्या कार्डावर एक सोय चालते,’ तेजूने फोनवर समजावलं होतं. ‘जवळच्या माणसाचं बोलणं एकीकडे आणि मागचं वाजप, गलबला दुसरीकडे, असं ती वेगळं करते. बोलण्याची पट्टी खाली ओढलीस की बोलणं गेलं. सनई राहते, मंगलाष्टकं तर मंडपातल्या माइकवरून वेगळी घेतलेली असतातच. तुला काही ऐकावं लागणार नाही. जुन्या कार्डात ती मावत नाही, लगेच अडकतं. तू फक्त बसव आणि काम संपव. बाबांसारखी मोजत बसू नको.’

ऐकावं लागणार नाही. विमलाचा फोन ठेवल्यावर देवकी उठली आणि तिने खोकं मेजावर घेतलं.

पण मोजल्याशिवाय बसवणार ती देवकी कसली. दत्तारामचा नेम होता, जोखल्याबगर सून आणि पार्ट घरात घेऊचो नाय. नवा कुठलाही भाग आला की तो जुन्याशेजारी जोखायचा, एकाच मालावर, एकाच तऱ्हेने. ‘माका खंय जोखलात?’ देवकी विचारायची. ‘तुझ्या बापाशीन घाई केल्यान,’ तो म्हणायचा. त्याचा मालही ठरलेला होता. शिरगावच्या जत्रेतला होमखण.

एका वर्षी लईराईच्या जत्रेला धोंडांच्या एका मेळाने दत्तारामला बोलावलं होतं. व्रत धरलेले धोंड होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालतात, ते टिपायला. देवकीही तेव्हा वायर धरायला सोबत गेली होती. काळोख, धूर, मधे आग, माणसांचा लोंढा आणि हवेत हजारो ठिणग्या. दत्ताराम म्हणायचा, नवरीचा शालू कुठलंही यंत्र दाखवेल, खरी परीक्षा ठिणग्यांत. कमजोर यंत्र ठिणग्यांची गोधडी करतं, लाल-काळे चौकोन दिसायला लागतात. ज्याच्यात प्रत्येक ठिणगी सुटी दिसते ते यंत्र खरं. तो तुकडा कुठल्या गिऱ्हाइकाला जायचा नव्हता, म्हणून त्यातलं दत्तारामचं बोलणं कधी कापलं गेलं नाही. एकच वाक्य होतं. ‘देवकी, मागे हो गो, ठिणगी येतली.’ अख्ख्या स्टुडिओत त्याचा आवाज उरला होता तो एवढ्या एका जागी आणि त्या न उघडलेल्या लग्नात.

दुपारचं जेवण न घेताच तिने सुरुवात केली. आधी जुनं कार्ड. जनेल बंद, पंखा एकावर, पहिला फेर तापवायला, दुसरा मोजायला, सगळं दत्तारामच्या रीतीने. फोनवरचं घड्याळ चालू करून तिने होमखण यंत्राला घातला. जुन्या कार्डाचा पंखा घरघरायला लागला. त्या पंख्याला दत्ताराम वर्षातून एकदा शिलाई मशीनचं तेल पाजायचा. यंदा पाजायचं राहिलं होतं. दुसऱ्या फेराला अकरा मिनिटं लागली. कार्ड इतकं तापलं की पत्र्यावर हात टेकवेना. तयार झालेला तुकडा तिने लावून पाहिला. मधल्या ठिणग्या बऱ्या, कडेच्या चौकोनी. ‘देवकी, मागे हो गो, ठिणगी येतली,’ दत्ताराम म्हणाला. ती कडेचे चौकोन बघत होती. खाली रस्त्यावरून रिक्षा जावी तसा तो आवाज गेला. बघ, तिला वाटलं, आपल्याला काहीच होत नाही.

मग तिने वीज बंद केली, वायर उपटली, पेटीचं दार काढलं. जुन्या कार्डाचा खटका दाबून ते अलगद ओढून घेतलं, त्याच्या पंख्यातला धूळकट कापूस फुंकून काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. नवं काही आत जाईना. त्याचं शेपूट डिस्कच्या खणाला आपटत होतं. या नव्या वस्तूंना जागा फार लागते, जुन्याला उठवल्याशिवाय त्यांना बसताच येत नाही. देवकीने डिस्क एक घर खाली सरकवली, कार्ड बसवलं, विजेच्या दोन्ही शेंड्या खोचल्या आणि यंत्र सुरू केलं.

आता बघा. पहिला फेर तापवायला म्हणून घातला तर ती चहाचं भांडं घेईपर्यंत संपला. दुसरा तिने डोळ्यांत तेल घालून मोजला. तीन मिनिटंही लागली नाहीत. आवाज इतका कमी की ती मध्येच वाकून पंखे फिरतायत ना ते बघून आली. पत्रा नुसता कोमट. आणि ठिणग्या, कडेच्या, मधल्या, धुरातल्या, सगळ्या सुट्या. एका धोंडाच्या वेताच्या काठीवर बसलेली ठिणगी विझताना दिसत होती. ती इतकी वर्षं तिथे होती आणि जुन्या कार्डाने कधी दाखवली नव्हती. दत्ताराम असता तर त्याने खुर्ची मागे ढकलून ‘आवशीक खाव’ एवढंच म्हटलं असतं, आणि ते त्याचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं.

राहिली तेजूची ती सोय. देवकीने बोलण्याची पट्टी पार खाली ओढली आणि होमखण पुन्हा लावला. ढोल राहिला, लांबचा गजर राहिला, लाकडांचं तडतडणं राहिलं. मग ती जागा आली. चित्र वाईच हललं. दत्तारामची ही खोड तिला ठाऊक होती. टिपताना तो श्वास धरून उभा राहायचा आणि बोलला की कॅमेरा केसभर हलायचा. चित्र हललं, पण आवाज आला नाही. ढोल वाजत राहिला.

नवं कार्ड सगळ्यात सरस होतं, यात मोजायला आणखी काही उरलं नव्हतं. वीस वर्षं तिने हाताने केलेलं काम त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं होतं. बरं झालं, देवकीला वाटलं, दत्तारामला हेच हवं होतं. माझा तोंड कापूक एक यंत्र होया, असं तो नेहमी म्हणायचाच.

तिने लग्न उघडलं.

त्यांच्याकडची रीत अशी की आधी मुहूर्त कापायचा, मग बाकी सगळं. मुहूर्त नीट झाला की लग्न झालं, हळद नि वरात काय, मागे-पुढे होते. पट्टी खालीच होती. मंडपाच्या कडेला नदी दिसत होती. अंतरपाट धरला होता. मामाने सेजलला आणून उभी केली, भटजींनी घसा खाकरला, मंगलाष्टकं सुरू झाली. चित्र वाईच हललं. आखूड हललं, म्हणजे ‘ह्या काप’. देवकीने कापलं. जरा पुढे पुन्हा हललं, जरा लांब, म्हणजे कुणाची तरी टिंगल. तिथे वरमाईचा भाऊ टोपी सावरत होता. देवकीने कापलं. तिचा हात आपोआप चालला होता, कान स्वस्थ होते, आणि असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत काम उरकेल असा तिने हिशोब केला.

चौथ्या अष्टकाला चित्र हललं आणि हलतच राहिलं. मग ते खाली गेलं. सेजलचे खांदे, हातातला हार, पायघड्या, जमिनीवर सांडलेले तांदूळ. तांदळांवर क्षणभर थांबलं आणि हळूहळू वर आलं, पुन्हा अंतरपाटावर, पुन्हा स्थिर.

देवकीने थांबवलं.

मुहूर्तावर कॅमेरा खाली? दत्तारामचा? एकदा तेरेखोलला एका लग्नात त्याच्या पाठीवर गांधीलमाशी चावली होती, तरी कॅमेरा हलला नव्हता. अक्षता पडेपर्यंत डोकं गेलं तरी भिंग नवरीवर, असा तो माणूस. तिने मागे नेऊन पुन्हा बघितलं. हार, पायघड्या, तांदूळ. हे थरथरणं आखूड नव्हतं, टिंगलीचंही नव्हतं. त्याच्या सगळ्या थरथरण्यांची भाषा तिला येत होती, ही येत नव्हती. तो काहीतरी बोलत होता आणि बराच वेळ बोलत होता.

पट्टी तिच्या बोटाखाली होती. ऐकायची गरज नव्हती, त्यासाठीच तर लेकीने इतकं करून ते कार्ड पाठवलं होतं. हा तुकडा कापला असता, तिथे सेजलच्या आत्याबाईंचा चेहरा जोडला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. सेजलला नाही, विमलाला नाही, आणि देवकीलाही नाही. देवकी बराच वेळ त्या तांदळांकडे बघत बसली. मग तिने पट्टी वर ढकलली.

‘देवकी,’ दत्ताराम म्हणाला. आवाज दबका, भटजींच्या आवाजाच्या आडून. ‘छातीत धरल्यासारख्या जाता गो. सकाळधरून आसा.’ मग नुसता श्वास. मग, ‘ह्या काप. तेजूक सांगू नको, घाबरतली. पंगत झाली की घराक येतंय.’

सावधान, भटजी म्हणाले.

म्हणजे तो बोलला होता. अख्खा बाजार म्हणत होता एक शब्द बोलला नाही, स्वप्नील शपथा घेत होता, आणि तो बोलला होता. मंडपात दोनशे माणसं होती. हाताच्या अंतरावर स्वप्नील होता. पाहुण्यांत एखादा डॉक्टरही असेल. खिशात फोन होता. पण दत्तारामला दुखलं, भीती वाटली, आणि वीस वर्षं ज्या वाटेने तो बायकोशी बोलत आला त्याच वाटेने बोलला. भिंगातून. देवकी ऐकतली, दोन-तीन दिवसांनी का होईना, ऐकतली. ती त्या घटकेला याच कदेलीवर, संगणकापुढच्या या खुर्चीत बसली होती. कानात त्याचाच आवाज होता, दुसऱ्या कुठल्या तरी लग्नातला. तो म्हणत होता, देवकी, ह्या काप, आणि ती कापत होती.

‘खिशात फोन व्हतो मा,’ देवकी पडद्याला म्हणाली. ‘माका फोन करूक काय जाला व्हता तुमका?’

पडद्यावर सेजल मान खाली घालून उभी होती.

‘सांगूचा तर सांगल्यात कोणाक? कॅमेऱ्याक? माणूस मरता आणि म्हणता ह्या काप?’

तिचा आवाज चढला. खाली मासळीवाल्या वर बघायला लागल्या असतील, बघोत. राग आला तिला. असा राग की मेजावरची चहाची कपबशी उचलून भिंतीवर मारावी. मारली नाही, बाई काटकसरी, पण मूठ आवळून मेजावर आपटली, दोनदा. आणि मग रडू आलं. माघापासून अडून बसलेलं रडू एकदाचं आलं, आणि ते दुःखाचं आधी नव्हतंच, रागाचं होतं. त्याच्यावरचा राग, त्या वीस वर्षांच्या खुळ्या रीतीवरचा राग, ती रीत आपल्याला आवडली, आपण हसत बसलो, एकदाही म्हटलं नाही की माणसासारखं समोर बसून बोला, याचा राग. दुःख मागून आलं. ते आल्यावर मात्र तिला बसवेना, ती जनेलाशी जाऊन गजांना धरून उभी राहिली.

शांत झाल्यावर तोंड धुऊन ती परत आली आणि तिने तो तुकडा कापला. त्याने सांगितलं होतं, काप. सेजलच्या मुहूर्तात तांदळांच्या जागी आत्याबाईंचा हसरा चेहरा आला, वर सनई आली, जोड कुठे आहे ते सांगूनही सापडलं नसतं. कापलेला तुकडा मात्र पहिल्यांदाच तिने टाकला नाही. होमखणाशेजारी ठेवला. आणि बोलणं काढायची ती सोय बंद केली.

संध्याकाळी तेजूचा फोन आला.

‘आई, मोजत बसलीस ना शेवटी? मला ठाऊक होतं. कुठलं बरं?’

‘नवीन. वेळेत बरा, तापण्यात बरा, ठिणग्यांत बरा. सगळ्यात.’

‘आणि ते बोलणं काढायचं?’

‘ता पण चोख करता. पण मी बंद केलंय. हातान कापतंय.’

तेजू म्हणाली, ‘म्हणजे तू ऐकलंस.’

‘ऐकलंय.’

‘काय म्हणत होते बाबा?’

देवकीने पडद्याकडे बघितलं. तेजूक सांगू नको, घाबरतली.

‘काय म्हणतले?’ देवकी म्हणाली. ‘ह्या काप, त्या काप. नेहमीचाच.’

पलीकडे तेजू रडायला लागली. देवकीने तिला रडू दिलं. नंतर हळूच म्हणाली, ‘ह्या येळेक सुट्टी काढून ये गो. फोनार नको. समोर बसून बोलूया.’

फोन ठेवून ती पुन्हा कदेलीवर बसली. मुहूर्त झाला होता, आदल्या दिवशीची हळद कापायची राहिली होती, आणि सकाळी विमला यायची होती. तिने हळद उघडली. आंब्याची डहाळी, पाट, बायकांची गाणी, हळदीने माखलेली सेजल हसत होती. नवं कार्ड गप्प राहून चालत होतं. चित्र वाईच हललं.

‘देवकी,’ दत्ताराम म्हणाला, ‘जेवलंस काय गो?’

‘नाय अजून,’ देवकी म्हणाली.